गट नंबर 16 आणि वीसचा पट

गाव नव्याने वसवताना काय काय आखायचे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. पिकाची जमीन ती काळी, राहायची ती पांढरी. पांढरीत मारुतीचे देऊळ, चावडी, पाटलाचा वाडा, पाणवठा. वेशीबाहेर महारवाडा, मांगवाडा. त्यापलीकडे गायरान आणि मसणवटा. पाटील-कुलकर्ण्यांना वतन, देवाला इनाम, गुरवाला इनाम, बलुतेदारांना सुगीला बलुते. इतक्या बारकाईने बसवलेल्या या घडीत शाळेच्या नावाने एक गुंठाही नव्हता. पंतोजी असत, पण ज्याच्या पडवीत ते बसत त्याच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या मुलांपुरते. शाळा काही घरांची होती, गावाची नव्हती.

ही जुनी गोष्ट आज काढली त्याला कारण आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करायचे यावर गेली काही वर्षे आपल्याकडे वाद चालू आहे आणि त्यात दोन्ही बाजूंनी आकडेच फेकले जातात. शाळा ही वस्तीच्या मूळ आखणीतली गोष्ट, की परवडली तर द्यायची सोय, या प्रश्नाला कोणी हात घालत नाही. मला तो घालायचा आहे. त्यासाठी जरा लांबचा वळसा घेतो, थेट कॅन्ससच्या माळरानावरून.

अमेरिकेने 1785 साली, म्हणजे राज्यघटना लिहून होण्याच्याही आधी, पश्चिमेकडच्या जमिनी मोजून विकण्याचा कायदा केला. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन म्हणजे एक टाउनशिप. तिचे 36 सारखे गट, एकेक गट 640 एकरांचा. त्यातला 16 नंबरचा गट, जो चौकोनाच्या साधारण मध्यावर पडतो, तो त्या टाउनशिपमधल्या सार्वजनिक शाळांसाठी राखायचा. विकत घेणारा शेतकरी अजून यायचा होता, नांगर लागायचा होता, आणि नकाशावर शाळेचा गट नंबर पडला होता. पुढे कॅन्सस राज्य होईपर्यंत 16 च्या जोडीला 36 नंबरही शाळेकडे आला. दर टाउनशिपमागे 1,280 एकर.

यात भारावून जाण्याचे कारण नाही. शाळांच्या कितीतरी जमिनी कवडीमोलाने गेल्या, वजनदार लोकांनी घशात घातल्या. आपल्या गायरानांचे जे झाले तेच. आणि मुळात जमीन कोणाची? मोजणीदार साखळी घेऊन पोचले तेव्हा त्या मुलखात ओसेज, कॉ, पॉनी हे लोक नांदत होते. त्यांना हटवून जी जमीन 'मोकळी' झाली तीच चौकोनांत कापली गेली. पहिले वसाहतकरी, पहिली शाळा हे शब्द लिहिताना हात थोडा अडखळायला हवा.

तरी त्या आखणीतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शाळेला जमीन देताना 'इथे मुले किती' असे कोणी विचारले नव्हते. विचारणार तरी कोणाला? तिथे अजून कोणी आलेलेच नव्हते.

अर्थात कागदावरचा गट म्हणजे शाळा नव्हे. शाळा कशी होते ते पाहायला निकोडेमसला जावे लागते. कॅन्ससच्या ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या काठी वसलेले हे गाव. ते 1877 साली वसवले केंटकीहून आलेल्या कृष्णवर्णीय लोकांनी, ज्यांच्यातले बहुतेक बारा वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते. एक गोरा जमीन-दलाल आणि काही काळे धर्मोपदेशक यांनी मिळून गावाची जाहिरात केली होती आणि पत्रकांत सुजलाम्‌-सुफलाम्‌ भूमीचे वर्णन होते. त्या सप्टेंबरात तीनशेच्या आसपास माणसे आली. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन या बाईंची आठवण नोंदलेली आहे. एलिसच्या रेल्वे स्टेशनवरून चालत चालत तांडा पोचला, पुरुष ओरडले, "ते बघा निकोडेमस!" बाईंनी चहूकडे पाहिले, घर म्हणून काही दिसेना. मग जमिनीतून ठिकठिकाणी धूर येताना दिसला. लोक जमिनीत खणलेल्या घरांत राहत होते. आपल्याला रडू कोसळले, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.

रडून झाल्यावर त्या राहिल्या, हे सांगायला हवे. काही कुटुंबे मात्र आल्या पावली परतली होती. लाकूड नाही, बैल नाहीत, पेरणीचा हंगाम हुकलेला. पहिल्या हिवाळ्यात या लोकांना शिकारीहून परतणाऱ्या ओसेजांनी अन्न दिले, अशी नोंद आहे. ज्यांना कॅन्ससमधून नुकतेच हुसकावले होते त्यांनीच.

अशा गावात शाळा सुरू झाली ती जेनी फ्लेचर यांच्या जमिनीतल्या घरात. गावातल्या टपालाचे काम करणाऱ्या पहिल्या बाई त्याच आणि पहिल्या शिक्षिकाही त्याच. इमारत नाही, फळा असेलच असे नाही, वर छपरातून माती गळणार. पुढे गावाची शाळा अधिकृत झाली तेव्हा तिला नाव मिळाले 'डिस्ट्रिक्ट नंबर 1'. अख्ख्या ग्रॅहम काउंटीतला पहिला शाळा-विभाग. आसपास गोरे वसाहतकरीही होते, पण पहिला नंबर लागला तो काल-परवापर्यंत गुलाम असलेल्यांचा. आज तिथे जी शाळेची इमारत जपून ठेवली आहे ती 1918 सालची. म्हणजे पहिला वर्ग भरला त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी ती उभी राहिली.

पोटाला नाही आणि शाळा कसली, असे कोणी म्हणेल. तर हे लोक केंटकी सोडून का निघाले ते पाहा. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. केंटकीत तसा कायदा नव्हता, पण कायद्याची गरजही पडली नाही. गुलामी संपल्यावर 1874 साली तिथे काळ्या मुलांसाठी वेगळी शाळाव्यवस्था झाली, आणि तिच्यासाठी पैसा वापरायचा तो फक्त काळ्या लोकांनी भरलेल्या कराचा. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी आपल्यातूनच काढायचे आणि आपल्या मुलांना शिकवायचे. ऐकायला किती न्याय्य! या हिशेबातून बाहेर पडायचे तर गावच बदलायला हवे होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे जोतीराव फुले आठवल्याशिवाय राहणार नाहीत, आणि तो संबंध ओढूनताणून आणलेला नाही. 'गुलामगिरी' त्यांनी 1873 साली अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. ज्यांच्या मुक्तीबद्दल ही अर्पणपत्रिका लिहिली गेली त्यांच्यातलेच काही चार वर्षांनी सॉलोमनच्या काठी जमीन खणत होते. आणि 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले त्याचा गाभा केंटकीच्या उलट्या टोकाचा, पण त्याच पैशाच्या प्रश्नाचा होता. सरकारच्या महसुलाचा मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, ही त्यांची तक्रार. केंटकीत म्हणत होते, तुमचा कर तुमच्या शाळेला. इथे चालले होते, तुमचा कर त्यांच्या शाळेला. शाळा परवडत नाही असे सरकार म्हणते, तेव्हा कोणाच्या पैशाने आणि कोणाची, हे आधी विचारावे ते यासाठी.

निकोडेमसच्या शाळेतली आणखी एक गोष्ट. कॅन्ससमध्ये शाळा-विभागाची वर्षातून एकदा सभा भरे. शाळा किती महिने चालवायची, कर किती बसवायचा, हे त्या सभेत ठरे आणि तीन जणांचे मंडळ निवडले जाई. या शाळेच्या निवडणुकीत बायकांना 1861 पासून मत होते. राज्यात पूर्ण मताधिकार मिळायला मात्र 1912 उजाडले. अध्यक्ष कोण व्हावा हे बाईला कळत नाही, पण शाळा कशी चालावी हे कळते, असा तो अजब न्याय. अजब असला तरी त्यातली एक जाण खरी होती: शाळेचा निर्णय ज्यांची पोरे तिथे जातात त्यांच्या हातात.

नेमक्या त्याच सुमारास, 1879 मध्ये, पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे एक शाळा उघडली. इमारती पक्क्या, जुन्या लष्करी छावणीतल्या. मूळनिवासी मुलांना शेकडो मैलांवरून तिथे आणले, त्यांचे केस कापले, नावे बदलली, भाषा बंद केली. साधनांच्या यादीत कार्लाइल जेनी फ्लेचरच्या भुयारापेक्षा शंभर पट सरस. शाळेबद्दल बोलताना आपण भिंती, शौचालये, संगणक मोजतो, तेव्हा या दोन शाळा शेजारी ठेवून पाहाव्यात. एक लोकांनी स्वतःसाठी काढली, दुसरी लोकांवर घातली गेली.

आता घरी येऊ.

आपल्याकडे गावाने शाळा काढण्याची परंपरा अगदीच नाही असे नाही. रयत शिक्षण संस्थेच्या व्हॉलंटरी शाळा गावाच्या हाताखांद्यावरच उभ्या राहिल्या. पण मला निकोडेमसच्या सर्वांत जवळची वाटते ती वस्तीशाळा. नव्या शतकाच्या तोंडाशी ही योजना आली. ज्या वाडी-वस्तीच्या एक किलोमीटरात शाळा नाही तिथे, मिळेल त्या जागेत वर्ग सुरू करायचा. शिकवायला वस्तीतला किंवा जवळचा शिकलेला मुलगा-मुलगी. पदनाम निमशिक्षक, मानधन महिना 1,000 रुपये. देवळाचा सभामंडप, कोणाची पडवी, गोठ्याची झाडून घेतलेली अर्धी बाजू, आंब्याखालचा पार, अशा जागी या शाळा भरल्या. धनगरांच्या वस्त्या, ठाकरांचे पाडे, मळ्यात राहायला गेलेली चार-सहा भावकीची घरे. यांना गावठाणातली शाळा होती, पण ती ओढ्यापलीकडे. आणि ओढा जूनमध्ये शाळेबरोबरच सुरू होतो.

मी अशा काही शाळा पाहिल्या आहेत. एका ठिकाणी बाराखडी भिंतीवर नव्हती, शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूने रोज नवी काढत, कारण रात्री तिथे शेळ्या बांधत. निमशिक्षक दुपारपर्यंत शिकवी आणि मग स्वतःच्या शेतात जाई, 1,000 रुपयांत दुसरे काय होणार. यात रम्य काही नव्हते. सरकारने हे काम स्वस्तात उरकले, हे उघड आहे. पुढे या शाळा नियमित प्राथमिक शाळा झाल्या, निमशिक्षकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि अखेर 2014 मध्ये त्यांना शिक्षक म्हणून सामावून घेण्याचा निर्णय झाला. जमिनीतल्या घरातून डिस्ट्रिक्ट नंबर 1 पर्यंतचा प्रवास आपल्या वस्त्यांनीही केला, एवढेच की त्याला नंबर मिळाला नाही.

आणि मग सप्टेंबर 2023 मध्ये समूहशाळांचे प्रस्ताव मागवणारे पत्र निघाले. कमी पटाच्या शाळा एका मोठ्या शाळेत आणायच्या, नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ. तेव्हा पुढे आलेली आकडेवारी अशी: वीसपर्यंत पट असलेल्या 14,783 शाळा, त्यांत 1,85,467 मुले आणि 29,707 शिक्षक. शाळेमागे सरासरी साडेबारा मुले, शिक्षकामागे सहा. हा हिशेब मांडला की भल्याभल्यांची बोलती बंद होते. ओरड झाल्यावर शाळा बंद करणार नाही असे सांगितले गेले, पण पटाचा प्रश्न काही मिटला नाही. दर संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरतात तेव्हा, तो पुन्हा उभा राहतो.

समूहशाळेच्या बाजूने जे बोलतात ते सगळे शाळेचे वैरी नाहीत, हे मला मान्य आहे. पाच इयत्तांची नऊ मुले एका खोलीत, दोनपैकी एक गुरुजी निवडणूक याद्यांच्या कामाला, दुसरे पोषण आहाराच्या नोंदी करण्यात. खेळायला जोडी नाही, वर्गात पुढे-मागे कोणी नाही. अशा शाळेतले मूल मागे पडते तेव्हा 'पण शाळा तर आहे' हे समाधान त्या मुलाच्या कामाचे नाही. रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा जिल्हा परिषदेच्या दोन शाळा मीही पाहिल्या आहेत. त्या एक केल्या तर कोणाचे नुकसान होत नाही. खुद्द अमेरिकेने तेच केले. शंभर वर्षांपूर्वी तिथे एकशिक्षकी शाळा दोन लाखांच्या घरात होत्या, आता काही शेच उरल्या. 1940 च्या सुमारास 1,17,000 च्या वर शाळा-विभाग होते, ते आज 13,000 च्या आसपास आहेत. निकोडेमसची शाळाही टिकली नाही. 1888 मध्ये रेल्वेने गावाला बगल दिली, दुकाने उठून रुळांकडे गेली, माणसे पांगली, आणि शेवटी शाळेचे दार लागले. शाळा होती म्हणून गाव वाचले, असे म्हणायला मी धजणार नाही.

मग माझी हरकत कशाला? मोजमापाला, आणि मोजणाऱ्याला.

पट हे माप शाळेच्या दारात उभे राहून घेतलेले आहे. मुलाच्या दारातून पाहिले तर माप असते अंतर. शिक्षणहक्क कायद्याला हे कळले होते. पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन, असे त्याखालचे नियम सांगतात. त्या किलोमीटरात ओढा आहे का, रान आहे का, पावसाळ्यात वाट उरते का, हे पटाच्या तक्त्यात येत नाही. वाहनाची सोय करू म्हणतात. ज्या वस्तीपर्यंत रुग्णवाहिका येत नाही तिथे रोज सकाळी शाळेची गाडी येईल, यावर विश्वास ठेवायला फार श्रद्धा लागते. सहा वर्षांची मुलगी अंतराने आधी गळते, मुलगा नंतर.

अंतराच्या या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले प्रकरणही त्याच कॅन्ससमधले. टोपेका शहरात लिंडा ब्राउन या मुलीच्या घरापासून गोऱ्यांची शाळा सात चौक दूर होती. तिला मात्र रेल्वेच्या यार्डातून चालत जाऊन बस पकडायची आणि मैलभर लांबच्या काळ्यांच्या शाळेत जायचे, असा नियम. 1954 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला तो ज्या खटल्यात, त्याच्या नावातले ब्राउन हे तिचेच घराणे. तिच्या मैलाला कारण होते कातडीचा रंग. आपल्या वस्तीवरच्या मुलीच्या मैलाला कारण पट, म्हणजे तिच्या शेजारी पुरेशी घरे नाहीत हे. ही दोन कारणे सारखी नाहीत, मी त्यांची बरोबरी करत नाही. पण 'सोय अमुक ठिकाणी आहे, तू तिथे जा' हे वाक्य कोणाला ऐकून घ्यावे लागते याची यादी केली, तर तीत धनगर, ठाकर, कातकरी, भिल्ल, पारधी येतात. शहरातल्या सोसायटीतले मूल त्या यादीत येत नाही. त्याची शाळा गाडी घेऊन दारात येते.

राहिला मोजणाऱ्याचा प्रश्न. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कागदावर ही समिती कॅन्ससच्या शाळा-सभेची थेट बहीण शोभेल. प्रत्यक्षात तिच्याकडे काय येते? तांदळाच्या पोत्यांच्या सह्या, रंगरंगोटीचे बिल, पंधरा ऑगस्टचे चॉकलेट. शाळा राहणार की जाणार हा विषय मात्र तिच्यापुढे ठरण्यासाठी येत नाही, ठरल्यावर कळवण्यासाठी येतो. शाळा काढताना जागा वस्तीने दिली, पत्रे वस्तीने चढवले, गुरुजींना भाकरी वस्तीने दिली. मिटवताना मात्र वस्तीचे मत 'हरकती व सूचना' या सदरात मोडते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की शाळा दुसरीकडे न्यायची असेल तर त्या समितीचा, पालकांच्या सभेत झालेला ठराव बंधनकारक धरावा. पालक अडाणीपणाने मोडकी शाळा धरून बसतील, ही भीती मला पटत नाही. पट घटला आहे तो कशाने? बऱ्याच ठिकाणी पालकांनीच मुले काढून इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवली म्हणून. शाळा चांगली कोणती, वाईट कोणती याचा निर्णय लोक रोज घेत आहेत, खिशातले पैसे घालून घेत आहेत. ज्यांच्याकडे गाडीचे पैसे नाहीत तेवढी बारा मुले मागे उरली आहेत, आणि आपण त्यांना पट म्हणतो. पुढची शाळा खरोखर बरी असेल, वाट सुरक्षित असेल, गाडी पहिल्या पावसातही आली असेल, तर हेच पालक ठरावाला हात वर करतील. आधी दाखवा, मग मागा.

आणि ज्या शाळा राहतील त्यांना 'कमी पटाची' म्हणून सावत्र वागणूक देण्याऐवजी अनेक इयत्ता एकत्र शिकवण्याचे रीतसर शिक्षण शिक्षकाला द्यावे. साऱ्या जगात खेड्यापाड्यांनी असेच वर्ग चालवले आहेत. ते एक वेगळे कसब आहे. आपल्याकडे ते शिक्षा म्हणून बदली झालेल्या माणसाला आपोआप येईल असे धरून चालतात.

निकोडेमसचे लोक आजही दर उन्हाळ्यात तिथे जमतात. गावात आता मोजकी माणसे राहतात, पण पांगलेल्यांची नातवंडे-पतवंडे येतात. 1996 पासून गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि जपलेल्या पाच वास्तूंत दोन चर्च, एक जुने हॉटेल, टाउनशिपचे सभागृह यांच्याबरोबर डिस्ट्रिक्ट नंबर 1 ची शाळा आहे. आपल्या वस्तीशाळांच्या खोल्यांचे असे काही होणार नाही, आणि व्हावे असेही नाही. तिथे कडबा रचला जाईल किंवा पंचायतीचे पाइप ठेवले जातील.

ज्या वस्तीत शेळ्या बांधत त्या जागी बाराखडी काढत, तिथे पुढे दोन वर्गखोल्या झाल्या होत्या. जागा एका शेतकऱ्याने बक्षीसपत्र करून दिली होती, दोन गुंठे, रस्त्याकडची. यंदा शाळेचा पट सात आहे. गेल्या उन्हाळ्यात ते शेतकरी भेटले तेव्हा त्यांनी समूहशाळेबद्दल काही विचारले नाही, चांगले-वाईटही म्हणाले नाहीत. घडी करून ठेवलेला सातबारा बंडीच्या खिशातून काढला, इतर हक्कांच्या रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "शाळा उचलून नेली, तर ह्ये दोन गुंठं कुनाच्या नावावर ऱ्हानार?"